ओळख करून द्यायची, पण कोणत्या नावानं?

मुलीच्या बाळंतपणासाठी आई जाते, यात नवल ते काय? पूर्वी मुलगी माहेरी यायची, आता आईच डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपेची पुरचुंडी बॅगेत भरून मुलीच्या घरी जाते, एवढाच काय तो फरक. माझी लेक आणि जावई दक्षिण कोरियात, सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात राहतात. गेल्या हिवाळ्यात तीन महिने मी तिथे होते. चौदाव्या मजल्यावर घर, बाहेर बर्फ, आणि भाषेचा एक शब्द येत नाही!

पहिल्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये कुणी भेटलं की नुसती हसायची आणि पदर सावरत कोपऱ्यात उभी राहायची. समोरच्या घरातल्या आजीबाई रोज सकाळी भेटत. त्या किंचित वाकून काहीतरी म्हणत. मी आपली मान डोलवायची. एके दिवशी लेकच म्हणाली, “अगं आई, इथे नुसतं हसून चालत नाही. त्या तुला नमस्कार करतात आणि तू उत्तरच देत नाहीस. त्यांना वाटेल, इंडियावाली आजी फार शिष्ट आहे.”

शिष्ट! पस्तीस वर्षं चाळीत आणि सोसायटीत शेजार सांभाळलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा. त्याच संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन मी शिकायला बसले.

पहिला शब्द

तर मैत्रिणींनो, पहिला शब्द आहे ‘आन्न्याँग-हासेयो’. सकाळ असो, दुपार असो, रात्र असो, हा एकच नमस्कार पुरतो. ‘आन्न्याँग’ म्हणजे स्वास्थ्य, शांतता. म्हणजे आपण म्हणतो तसं, “काय, बरं आहे ना?” हे म्हणताना हात जोडायचे नाहीत. हात पुढे कमरेशी ठेवून, पाठ सरळ राखून थोडं वाकायचं. समोरचं माणूस जितकं वडील, तितकं वाकणं जास्त. नजर खाली असावी. वाकता वाकता वर बघू नये, ते बरं दिसत नाही.

निरोप घेताना मात्र गंमत आहे. आपल्याकडे जाणारी कधी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते हं’ म्हणते. आणि घरातली म्हणते, ‘या पुन्हा’. कोरियन भाषेतही जाणाऱ्याचे शब्द वेगळे आणि राहणाऱ्याचे वेगळे. जी घरात राहणार, ती जाणाऱ्याला म्हणते, ‘आन्न्याँगही गासेयो’, म्हणजे सुखानं जा. आणि जी निघाली, ती म्हणते, ‘आन्न्याँगही गेसेयो’, म्हणजे सुखानं राहा. ‘गा’ आणि ‘गे’ एवढाच फरक! मी पहिल्यांदा नेमकं उलटं बोलले आणि आजीबाईंना त्यांच्याच दारात ‘सुखानं जा’ म्हणाले. त्या इतक्या हसल्या की आमची भीड तिथेच चेपली.

आणखी एक नमस्कार आहे, तो तर अगदी आपल्यातला. “बाप मॉगॉस्सॉयो?” दचकू नका. ‘बाप’ म्हणजे भात, आणि भात म्हणजेच जेवण. “जेवलात का?” असं ते विचारणं. आपण वाटेत भेटलेल्या बाईला “चहा झाला का?” विचारतो, तेव्हा तिला चहाला थोडंच बोलावत असतो? तसंच हे. मात्र खूप वयस्क माणसांच्या जेवणाला ‘बाप’ म्हणत नाहीत, ‘जिंजी’ म्हणतात. आपणही देवाचा नैवेद्य आणि स्वतःचं जेवण वेगळ्या शब्दांनी बोलतोच की!

आता ओळख

ओळख करून द्यायची ती अशी. पहिल्यांदाच भेटत असाल तर आधी म्हणायचं, ‘छॉउम ब्वेप्केस्सुम्निदा’, म्हणजे आपली ही पहिलीच भेट. मग नाव सांगायचं. समजा तुमचं नाव सुमन आहे, तर ‘जॉनुन सुमन इम्निदा’. ‘जॉनुन’ म्हणजे मी, आणि हा नम्रतेचा मी. बरोबरीच्या मैत्रिणीशी बोलताना ‘नानुन’ चालतं, पण नव्या ओळखीत नाही. मग सांगायचं, ‘इन्दोएसॉ वास्सुम्निदा’, म्हणजे भारतातून आले. ‘मान्नासॉ बान्गाप्सुम्निदा’, म्हणजे भेटून आनंद झाला.

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, ‘जाल बुथाक्तुरिम्निदा’. याचा अर्थ लेकीनं मला दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितला. आपली काळजी, आपलं काम समोरच्यावर सोपवायचं, असं काहीसं ते आहे. मग ती म्हणाली, “आई, सरळ सांगायचं तर ‘सांभाळून घ्या’.” मी एकदम गप्प झाले. सांभाळून घ्या! लग्नात लेकीची पाठवणी करताना मी हेच शब्द विहीणबाईंना म्हणाले होते, आणि माझी आईही माझ्या सासूबाईंना हेच म्हणाली होती. तिथे नोकरीच्या पहिल्या दिवशी, नव्या वर्गात, नव्या शेजारात माणूस स्वतःच हे स्वतःसाठी म्हणतो. आपल्याला मेलं हे स्वतःसाठी म्हणायला कधी सुचलंच नाही.

वय का विचारतात?

आजीबाईंनी तिसऱ्या भेटीतच लेकीकडून माझं वय काढून घेतलं. मला जरा खटकलं. पण त्यात भोचकपणा नव्हता. कोरियन भाषेत क्रियापदाचा शेवट माणूस पाहून बदलतो. आपण तू, तुम्ही, आपण यांत भागवतो. तिथे वाक्याच्या शेपटीतच मान किंवा सलगी असते. शेवटी ‘यो’ किंवा ‘निदा’ आलं की ते मानाचं बोलणं. तेच गाळलं की जवळिकीचं. म्हणून मोठं कोण, धाकटं कोण, हे आधी कळावं लागतं.

वय मोजायची रीतही वेगळी होती. जुन्या पद्धतीत बाळ जन्मलं की एक वर्षाचं, आणि पुढच्या १ जानेवारीला दोन वर्षांचं! डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल आठवड्याभरात ‘दोन वर्षांचं’ व्हायचं. २८ जून २०२३ पासून तिथल्या कायद्यानं सरकारी कामात वाढदिवसाप्रमाणेच वय धरायचं ठरवलं. घरगुती बोलण्यात मात्र जुनं वय अजून ऐकू येतं. आजीबाईंनी आमच्या आठ दिवसांच्या नातीला बोटं मोजून एक वर्षाची केलीच.

हल्ली आपल्याकडच्या मुली कोरियन मालिका पाहून बरेच शब्द उचलतात. त्यांना एक सांगून ठेवा. मालिकेत मैत्रिणी-मैत्रिणी नुसतं ‘आन्न्याँग’ म्हणतात, ते सलगीचं. घरी आलेल्या पाहुण्यांना तसं म्हणणं म्हणजे सासूबाईंना ‘काय गं’ म्हणण्यासारखं!

कुणाची आई, कुणाची आजी

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एकदा आजीबाईंचं पार्सल चुकून आमच्या दाराशी आलं. त्यावरचं आडनाव किम. पण त्यांच्या यजमानांचं आडनाव तर ली! मी लेकीला हळूच विचारलं, “का गं, यांचं लग्न...?” ती हसत सुटली. कोरियात बायका लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत. जन्माचं आडनाव मरेपर्यंत. तिथे आडनाव आधी आणि नाव मागून, आणि आडनावं तरी किती थोडी! दर पाच माणसांमागे साधारण एक किम. किम, ली आणि पार्क ही तीन आडनावं धरली तर जवळजवळ निम्मा देश होतो.

मला वाटलं, वा, काय भाग्यवान बायका! आपण तर आडनाव सोडतो, मधलं नाव सोडतो, आणि पुष्कळदा स्वतःचं नावही तांदळाच्या ताटात सोडून येतो. पण लेक म्हणाली, “थांब आई, घाई करू नकोस.” कागदावर नाव राहिलं खरं, हाक मात्र त्या नावानं कुणी मारत नाही. मूल झालं की बाई होते अमक्याची ‘ऑम्मा’, म्हणजे आई. नातवंडं आली की ‘हालमॉनी’, म्हणजे आजी. नवरा तिला ‘यॉबो’ म्हणतो, तीही त्याला ‘यॉबो’ म्हणते. आपलं ‘अहो’च की ते, फक्त दोन्हीकडून! वडीलधाऱ्यांना नावानं हाक मारायचीच नाही. खाणावळीतल्या बाईला ‘इमो’ म्हणतात, इमो म्हणजे मावशी. थोड्या मोठ्या मैत्रिणीला ‘ऑन्नी’, म्हणजे ताई. मध्यम वयाच्या अनोळखी बाईला ‘आजुम्मा’ म्हणण्याची रीत आहे, पण जपून बरं का! पुष्कळ बायकांना तो शब्द आवडत नाही. आपल्याला भाजीवाल्यानं अचानक ‘काकू’ऐवजी ‘आजी’ म्हटलं की कसं होतं?

कागदावरही सगळं आलबेल नव्हतं. पूर्वी तिथे साऱ्या घराची नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावावर असायची, आणि लग्न झालं की मुलीची नोंद वडिलांच्या घरातून उचलून नवऱ्याच्या घरात जायची. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयानं ही पद्धत घटनेत बसत नाही असं ठरवलं, आणि २००८ पासून ती बंद झाली. आता लग्नाची नोंद करताना दोघांनी ठरवलं तर मुलाला आईचं आडनावही देता येतं.

म्हणजे आपण नाव बदलून राहतो, त्या नाव राखून राहतात. पण हाक दोघींना आईच्या नात्याचीच.

संक्रांतीचा तिळगूळ

संक्रांत आली. लेकीचा महिना भरायचा होता. हळदीकुंकू कुठलं करणार? पण तिळगुळाशिवाय सण जाऊ देणं माझ्या जिवावर आलं. तीळ मात्र तिथे पोत्यानं मिळतात हो! स्वयंपाकात तिळाचं तेल, भाजलेले तीळ, काही विचारू नका. लाडू वळले, डब्यात घातले, आणि समोरचं दार वाजवलं. डबा दोन्ही हातांनी दिला, कारण वडील माणसाला एका हातानं काही द्यायचं नाही, घ्यायचंही नाही. आजीबाईंनी लाडू तोंडात टाकला आणि लगबगीनं आतून एक ताटली आणली. त्यात काय, तर तिळाच्या वड्या! त्यांच्याकडे चांद्र नववर्षाला अशा वड्या करतात, ‘क्केगांगजाँग’ म्हणतात त्यांना. दोघी एकमेकींच्या वड्या खात बसलो. मोबाईलमधलं भाषांतर मध्ये ठेवलेलं, पण तिळाला कसलं आलंय भाषांतर!

मी पाठ केलेली पाचही वाक्यं म्हणून दाखवली. नाव सांगितलं, वैशाली. त्यांना ते जमेना. कोरियन भाषेत ‘व’चा उच्चारच नाही. ‘बाइशाली, बाइशाली’ करून त्या बिचाऱ्या थकल्या आणि म्हणाल्या, त्यापेक्षा ‘इन्दो हालमॉनी’च बरं! इंडियातली आजी. झालं, इथेही मी आजीच.

का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, “जॉनुन मंगल इम्निदा.” मंगल हे माझं माहेरचं नाव. साताऱ्याला बाबा ज्या नावानं हाक मारायचे ते. लग्नात बदललं, आणि आई गेल्यापासून ते कुणी उच्चारलंही नव्हतं. आजीबाई म्हणाल्या, “मांगाल.” एकदम स्वच्छ. पुन्हा म्हणाल्या, “मांगाल-स्सी.” हा ‘स्सी’ म्हणजे आपल्या ‘बाई’ किंवा ‘ताई’सारखा मानाचा प्रत्यय. माझे डोळे भरून आले, आणि लेक बाळाला घेऊन दारातच उभी राहिली. तिला हे नाव ठाऊक होतं, पण कुणी मला त्या नावानं हाक मारलेली तिनं कधी ऐकली नव्हती.

मग आजीबाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते मला सांगितलं होतं, सगळ्यांना नव्हे.

त्या मूळच्या आन्दोंगकडच्या. त्यांनी एक छान रीत सांगितली. खेड्यात लग्न होऊन आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारत, आणि पुढे ‘दॅक’ लावत. आन्दोंगची सून म्हणून ‘आन्दोंगदॅक’. म्हणजे सासरी राहून माहेरचं गाव रोज कानावर! त्या हिशेबानं मी झाले असते ‘सातारादॅक’. तुम्ही कोण झाला असता, मनातल्या मनात म्हणून बघा.

त्याच आन्दोंगच्या एका गृहिणीची गोष्ट तर प्रत्येक सुगरणीनं ऐकावी अशी आहे. १६७० च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. भाकऱ्या-शेवयांपासून मांस-मासळी आणि तांदळाच्या मद्यापर्यंत १४६ कृती! त्या काळी विद्वान पुरुष चिनी लिपीत लिहीत. राजा सेजोंगनं १४४३ साली घडवलेली आणि १४४६ साली लोकांपुढे ठेवलेली सोपी कोरियन लिपी मात्र बायकांनी आपलीशी केली. पत्रं त्यात लिहिली, हिशेब त्यात लिहिले. या बाईंनीही त्याच लिपीत लिहिलं आणि शेवटी लेकींना बजावलं, की उतरवून न्या, पण पुस्तक घराबाहेर नेऊ नका. शतकानुशतकं त्यांना ‘आन्दोंगच्या जांग घराण्यातल्या बाई’ एवढीच ओळख होती. आता त्यांचं नावही सन्मानानं घेतलं जातं, जांग ग्येह्यांग. पुस्तक राहिलं म्हणून नाव राहिलं.

आपल्याकडून गेलेली एक राणी

मी भारतातली म्हटल्यावर आजीबाईंनी आणखी एक कथा काढली. तेराव्या शतकातल्या एका जुन्या कोरियन ग्रंथात आहे, की इसवी सन ४८ मध्ये आयुता नावाच्या दूर देशाची राजकन्या जहाजातून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. पुष्कळ कोरियन लोक आयुता म्हणजे आपली अयोध्या मानतात. २००१ साली अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून तिचा पुरावा मागू नये. पण त्या कथेत ती राजाला आपली ओळख कशी करून देते, ते ऐका. आधी देश सांगते, मग आडनाव हॉ, मग नाव ह्वांगओक, आणि मग वय सोळा. अगदी आजीबाईंच्या पद्धतीनं! परंपरा असंही सांगते, की तिच्या दहा मुलांपैकी दोघांनी आईचं आडनाव लावलं. अजूनही तिथे हॉ आडनावाची माणसं तिला आपली मूळ आई मानतात.

निघताना

परतीच्या दिवशी बॅगा लिफ्टपाशी नेल्या. आजीबाई दारात उभ्या होत्या. मी रात्रभर एक वाक्य घोकलं होतं. शिकताना जे स्वतःसाठी शिकले, त्यात एकच शब्द बदलला होता. “जे त्तारुल जाल बुथाक्तुरिम्निदा.” माझ्या मुलीला सांभाळून घ्या.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “मांगाल-स्सी, आन्न्याँगही गासेयो.” सुखानं जा. या वेळी मी चुकले नाही. “आन्न्याँगही गेसेयो,” म्हटलं. सुखानं राहा. आता लेक दर आठवड्याला फोनवर सांगते, “आई, आजींनी तुला विचारलंय.” कुणाची आई, कुणाची आजी म्हणून नव्हे, मंगल म्हणून विचारलंय.

पुण्याच्या आसपास कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि तिथून आलेली कुटुंबं आपल्या सोसायट्यांतून राहतात. त्यातली एखादी बाई लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभी राहून नुसती हसताना दिसली, तर ती शिष्ट आहे असं समजू नका. ‘आन्न्याँग-हासेयो’ म्हणा, आणि तिचं नाव विचारा. आपलंही सांगा, जे तुम्हाला सांगावंसं वाटेल ते.

लक्षात ठेवण्यासारखं

• ‘सुम्निदा’तला ‘उ’ ओठांचा चंबू न करता, किंचित हसल्यासारखे ओठ ठेवून म्हणावा.

• शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ थोडा ‘प’सारखा आणि ‘ज’ थोडा ‘च’सारखा ऐकू येतो. गोंधळू नये.

• ‘ने’ म्हणजे ‘हो’. आपल्या कानाला नकार वाटतो, पण तो होकार आहे.

• आभार मानायला ‘गाम्साहाम्निदा’, चुकलं तर ‘ज्वेसोंगहाम्निदा’. दोन्हींच्या शेवटी ‘निदा’ आहे, म्हणून वडील माणसांनाही चालतात.

• वडील माणसाला नाव विचारताना ‘सॉन्घामी ऑत्तॉखे द्वेसेयो?’ असं विचारावं. लहान मुलांना विचारायचं वाक्य वेगळं, ते मोठ्यांना वापरू नये.

• सणाला गुडघे टेकून मोठा नमस्कार करतात, तेव्हा बायका उजवा हात डाव्या हातावर ठेवतात. हा नमस्कार जिवंत माणसाला एकदाच करावा. दोनदा करतात तो दिवंगतांना.

• काय म्हणावं सुचलं नाही तर ‘आन्न्याँग-हासेयो’ म्हणून थोडं वाकावं. पुढचं समोरची बाई सांभाळून घेते.